वेडेखात्याची प्रमुख

मी सहा वर्षं वेडी होते आणि लोकांनी त्याबद्दल माझं भरपूर कौतुक केलं.

हे ऐकल्यावर समोरचा माणूस खुर्ची जराशी मागे घेतो, म्हणून खुलासा लगेच करते. आम्ही चाळीसेक जण फोनवर एक गाव चालवायचो. खरं गाव नव्हे, लिहिलेलं. त्यात देऊळ होतं, पिठाची गिरणी होती, बंद पडलेला साखर कारखाना होता आणि एक विहीर होती, जिच्यात दर दोन महिन्यांनी कुणीतरी पडायचं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याचं लिहायचं. मी चार ओळी लिहिल्या की पुढच्या पाच गिरणीवाला लिहिणार, मग पोस्टमास्तर, मग तलाठी. उद्या गावात काय होणार हे कुणालाच ठाऊक नसायचं, कारण ते कुणी ठरवलेलंच नसायचं. गटाच्या प्रमुखाला आम्ही सरपंच म्हणायचो. तो कुठल्याशा बँकेत नोकरीला होता आणि बँकेपेक्षा गाव जास्त मन लावून सांभाळायचा.

नियम थोडे होते, पण कडक. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी आपण वाक्य घालायचं नाही. कुणी आठ दिवस लिहिलं नाही तर त्याचं पात्र मामाच्या गावाला गेलं असं सरपंच जाहीर करणार, आणि का गेलं ते विचारायचं नाही. आणि जो तो लिहिणार तो ‘मी’ म्हणूनच. गिरणीवाला ‘मी दळण घेतो’ असंच लिहायचा, मग प्रत्यक्षात तो नाशिकला लोकांचे दात का काढत असेना.

मी सुरुवातीला गावात शाळेची बाई होते. फार कंटाळवाणी बाई होती ती. फळा पुसायची, मुलांना पाढे म्हणायला लावायची आणि माझ्या लिहिण्याला कुणी उत्तर देत नसे. एकदा वैतागून मी तिला कुणाच्या तरी दहाव्याला मोठ्याने हसायला लावलं. दहा मिनिटांत पस्तीस जणांनी फोनवरचे लाल बदाम पाठवले. त्यानंतर मी शहाणं असं पात्र घेतलंच नाही. सहा वर्षांत सात वेडे लिहिले. पाच बायका, दोन पुरुष.

माझी कृती ठरलेली होती. केस मोकळे सोडायचे. भलत्या ठिकाणी हसू आणायचं. एक बाहुली द्यायची, नाहीतर एखादं नाव सारखं घ्यायला लावायचं. घरात धारदार काय आहे ते बघून ठेवायचं. आणि मधूनच तिच्या तोंडून असं एक वाक्य काढायचं की गावातल्या शहाण्यांनी माना खाली घालाव्यात. माझ्या वेड्यांना कधी रेशनच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही, कुणाचं पोट बिघडलं नाही, कुणाला दाखवायला एसटीने ससूनला न्यावं लागलं नाही. वेळेवर यायचे, बोलायचे, टाळ्या घ्यायचे आणि निघून जायचे. हे सगळं मी कुठे शिकले म्हणाल तर कुठेच नाही. मालिका बघून आणि इतरांचे वेडे वाचून. खरा वेडा माणूस मी लहानपणी परभणीच्या स्टँडवर पाहिला होता आणि आई म्हणाली होती, बघू नको तिकडे. मी आज्ञाधारक मुलगी होते.

पोटापाण्यासाठी मी हिंजवडीत टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका शोधायच्या आणि त्या लिहून त्यांना परत पाठवायच्या. स्वभावाला इतकी साजेशी नोकरी फार थोड्यांना मिळते. राहते मारुंजीत. मालकांनी शेताच्या कडेला तीन मजले चढवलेत. खाली दोन म्हशी, मध्ये मालक, वर आम्ही नऊ भाडेकरू अशी ती उतरंड आहे.

लिहिण्याआधी मला वाक्यं मोठ्याने म्हणून बघायची सवय आहे. घरून काम असलं की दुपारच्या सुट्टीत मी गच्चीवर जायचे. खाली रस्त्यावर टेम्पोंचा एवढा कल्ला असतो की कुणाला काही ऐकू जाईल असं वाटत नाही. एका दुपारी मी पाण्याच्या टाकीला टेकून घोळून घोळून म्हणत होते, ‘मीच ढकललं त्याला. मीच. पाणी किती हिरवं होतं, आणि तो किती गोरा.’ मागे वळले तर घरमालकीणकाकू कुरडयांची परात घेऊन उभ्या.

“कुनाला ढकललंस गं?” त्यांनी विचारलं. आवाजात भीती नव्हती, चौकशी होती.

मी सगळं समजावलं. गाव, पात्रं, पाळी. मीटर वाचायला आलेल्या माणसाचं ऐकतात तेवढ्या लक्षाने त्यांनी ऐकलं.

“मंजे तू येडीचं सोंग करती.”

“लिहिते, काकू. सोंग नाही करत.”

“तेच ते. पन येडं मानूस असं बोलतंय व्हय? येवढं जुळवून?”

मी म्हटलं, गोष्टीत तसं बोलावं लागतं, नाहीतर वाचणार कोण.

“मला काय,” त्या म्हणाल्या आणि खाली बसून कुरडया उलटायला लागल्या. “पन न्हाई बोलत असं. येवढं सुचलं असतं तर ते येडं कशाला झालं असतं?”

मला हसू आलं. सहा वर्षांचा अनुभव माझ्याकडे होता, आणि मला शिकवणार कोण, तर कुरडया वाळवणारी बाई.

त्याच सुमाराला सरपंचाने मला पद दिलं. त्याचं असं झालं की माझं बघून गावात वेडाची साथ आली. एका आठवड्यात पोस्टमास्तर सगळं विसरला, तलाठी मेलेल्या वडिलांशी बोलायला लागला, गुरव देवळाच्या शिखरावर चढून बसला आणि उतरेना. शहाणा असा एक गिरणीवाला उरला, तोही त्या आठवड्यात त्याच्याकडे पेशंट जास्त होते म्हणून. सरपंच घाबरला. त्याने नियम काढला की यापुढे ज्याला वेडं व्हायचंय त्याने आधी अर्ज करायचा, आणि अर्ज मंजूर करणार मी. गटात माझ्या नावापुढे त्याने लिहिलं, वेडेखात्याची प्रमुख. त्या वर्षी ऑफिसात मला बढती मिळाली होती. खरं सांगते, तिचा एवढा आनंद झाला नव्हता.

प्रमुख झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका नव्या बाईचा अर्ज आला. वय चौतीस. काम, शिवणकाम. घरी भाऊ आणि वहिनी. आजार, आहे. सध्या बरी आहे. एवढंच. मी त्यावर लिहिलं, ‘सध्या बरी असेल तर माझ्या खात्यात काय काम?’ पुढे एक हसरा चेहरा टाकला आणि मंजूर केला. गावाला शिंपीण नव्हतीच, हा एक मुद्दा होता.

ती लिहायला लागली. तिचं एक टिपण मला अजून जवळजवळ शब्दशः आठवतं. ‘मी उठते. गोळीने तोंड कोरडं पडलंय. पाणी पिते. मशीनवर बसते. डोळ्यांपुढे अंधुक होतं म्हणून सुईत दोरा ओवायला वहिनीला हाक मारते. ती ओवून देते आणि पाठमोरी बसून तांदूळ निवडते. आवाज आज लांब आहे. तो म्हणतोय, शेजारच्यांचा नळ चालू राहिलाय. मी उठून बघते. नळ बंद आहे. मी परत येऊन बसते.’

दुसऱ्या दिवशी परत नळ. तिसऱ्या दिवशी इस्त्री. पोस्टमास्तराने बिचाऱ्याने तिला काहीतरी करायला मिळावं म्हणून एक निनावी पत्र आणून दिलं. आमच्याकडे निनावी पत्रावर लोक महिनाभर लिहितात. हिने ते घेतलं, त्याला धन्यवाद दिले आणि ‘आज वाचायला नको’ असं म्हणून मशीनच्या खणात ठेवून दिलं. हळूहळू तिला उत्तर देणं लोकांनी सोडलं. धरायला काही मिळतच नव्हतं.

मी पंधरा दिवस वाट पाहिली आणि मग माझ्यातला टेस्टर जागा झाला. ऑफिसात चूक नोंदवताना आमचा एक साचा असतो. काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय होतंय, चूक किती गंभीर. मी त्याच साच्यात तिच्या पात्राची चूक नोंदवली. तिला एकटीला पाठवता आली असती, पण सगळ्यांसमोर टाकली, कारण मला माहीत होतं की ती चांगली जमलीय.

‘शीर्षक: शिंपीण वेडी वाटत नाही. काय व्हायला हवं: वेडी बाई गाव हादरवते. प्रत्यक्षात: वेडी बाई नळ बघून येते. गांभीर्य: जास्त. शेरा: आवाज ऐकू येतो आणि तो नळाबद्दल बोलतो? आवाजाला काही महत्त्वाकांक्षा हवी. घरात कात्री आहे आणि पंधरा दिवसांत तिचा एकदाही उपयोग नाही. वहिनी पाठमोरी बसते, तीही वाया. एकंदर पात्र पटत नाही. लेखिकेने प्रत्यक्ष वेड्या माणसाचा थोडा अभ्यास करावा.’

गाव खदाखदा हसलं. सरपंचाने तर ते वरती टाचून ठेवलं, नव्या लोकांना नमुना म्हणून. तिने खाली एकच ओळ लिहिली, ‘बरं. दुरुस्त करते.’

दोन दिवसांनी दुरुस्त होऊन आलं. ‘मी कात्री उचलते. वहिनी पाठमोरी आहे. आवाज म्हणतो, आत्ता. मला हसू येतं.’ आणि पुढे असंच, माझ्या सगळ्या कृतीसकट, केस मोकळे, बाहुली, नाव घेणं, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. पस्तीस-चाळीस बदाम पडले. गुरव शिखरावरून उतरून तिच्या दारात आला. आम्ही ऑफिसात चुकीपुढे लिहितो तसं मी लिहिलं, ‘दुरुस्त. तपासलं. बंद.’ आणि खाली, ‘आता पटली.’

त्यानंतर तिने काही लिहिलं नाही. आठ दिवसांनी सरपंचाने ती मामाच्या गावाला गेल्याचं जाहीर केलं. नियमाप्रमाणे कुणी कारण विचारलं नाही. ऑफिसात माझ्याकडे नव्या सॉफ्टवेअरच्या रिलीजची घाई चालू होती, आणि खोटं कशाला बोलू, मी तिला साफ विसरले.

तीन आठवड्यांनी एका शनिवारी दुपारी जेवताना तिचा निरोप आला. मला एकटीला.

‘ताई, नमस्कार. मी शिंपीण. तुमचा एक तास हवा होता. मी लिहीत होते ते माझंच होतं. चार वर्षं गोळ्या चालू आहेत. तुम्ही सांगितलं तसं दुरुस्त केलं, ते भावाने माझ्या फोनवर वाचलं. तो फोन बघतो, तसं आमचं ठरलेलं आहे. त्याला वाटलं मी मनातलं लिहून ठेवलंय. त्याने कात्री कपाटात ठेवली आणि मशीनला कुलूप घातलं. परत दवाखान्यात ठेवायचं म्हणतोय. खेळ आहे म्हटलं तर म्हणतो, असला खेळ कोण खेळतं. तुम्ही मारुंजीत राहता असं तुम्हीच गटात लिहिलं होतं. आम्ही कासार आंबोलीला. त्याला येऊन सांगाल का, की कात्री तुम्ही सांगितली होती? शाळेच्या गणवेशांचं काम अडलंय.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातला घास तसाच ठेवून मी तिची सगळी टिपणं पुन्हा वाचली. ज्या ज्या गोष्टीला मी चूक म्हटलं होतं ती ती तिने घरात बसून, बघून लिहिली होती. आणि मी तिला अभ्यास करायला सांगितला होता. मी हे पाच-सहा वेळा मनात म्हणून पाहिलं आणि दर वेळी नव्याने लाज वाटली.

मग मी माफीचा मजकूर लिहायला घेतला. दुसरा परिच्छेद संपता संपता लक्षात आलं की मजकूर फार सुंदर होतोय आणि मला मजा येतेय. खोडून टाकला. ‘उद्या सकाळी येते’ एवढंच पाठवलं आणि काकूंना रस्ता विचारायला खाली गेले. काय झालंय ते त्यांनी काढून घेतलंच. म्हशीला आंबोण ठेवता ठेवता ऐकलं आणि हात धुतले.

“मी बी येते,” त्या म्हणाल्या. “तुला बोलता येत न्हाई. तू लिवतीस.”

रविवारी सकाळी स्कूटरवर काकू मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या, मांडीवर शेतातल्या काकड्यांची पिशवी. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं नसतं, म्हणाल्या, आणि तू तर भरल्या हातानं, कात्री घेऊन, आधीच जाऊन आलीयास. हिंजवडी, माण मागे टाकून घोटावडे फाट्याला आलो तेव्हा मी स्कूटर थांबवली. चहा प्यायचा म्हणून, आणि थोडी घाबरले होते म्हणूनही. टपरीच्या बाकावर काकूंनी फोनमधलं ते सगळं वाचून दाखवायला लावलं. शिंपिणीचं आधी, मग माझा शेरा. त्या एकदाही हसल्या नाहीत.

“माजी थोरली जाऊ व्हती अशी,” चहा निवेपर्यंत थांबून त्या म्हणाल्या. “बारा वर्सं.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत, काकू.”

“तू कदी इचारलंस?”

मी फोन पर्समध्ये ठेवला.

“आमी तिच्या हातात इळी दिली न्हाई कदी. सैपाकाची लई आवड व्हती तिला. म्हनायची, मेथी तरी निवडू द्या. आता मेथीला कुटं इळी लागती? तरी बी आमाला भ्या वाटायचं. न्हाई दिली.”

“मग काय करायच्या त्या?”

“काय करनार. बसून ऱ्हायची. बारा वर्सं बसली आन् गेली.” उरलेला चहा त्यांनी बाजूला ओतला आणि पदराने तोंड पुसलं. “चल. येळ नको करूस.”

कासार आंबोलीत मुख्य रस्ता सोडला की आधी शनिवार-रविवारवाल्यांचे बंगले लागतात, मोठी फाटकं आणि आत कुणी नाही. त्यांच्या मागे यांचं घर. भाऊ स्वतःची भातखाचरं करून दोन बंगल्यांच्या बागा सांभाळत होता. ओटीवर खिडकीपाशी मशीन होतं, लाकडी झाकणाखाली, आणि झाकणाला छोटं पितळी कुलूप.

पाणी घेऊन आली तीच शिंपीण, हे मला काकूंनी कोपर मारल्यावर कळलं. जराशी स्थूल, घट्ट वेणी घातलेली, गाऊनवर ओढणी घेतलेली बाई. “रस्ता सापडला ना नीट?” तिने विचारलं. मी ‘हो’ म्हटलं आणि पेला घेतला. इतकी साधी बाई माझ्या खात्यात कधी आलीच नव्हती.

भाऊ मर्यादेने वागला. सतरंजी टाकली, बसा म्हणाला, आणि मग समोर बसून हात गुडघ्यांवर ठेवले. मी गावाचं सगळं सांगितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

“मंजे त्यो गिरनीवाला बी खोटा?” भावाने विचारलं.

“तो दातांचा डॉक्टर आहे.”

“आन् त्याला दळता येतंय?”

“नाही.”

त्याने यावर जरा विचार केला. “बरं. आन् हे कात्रीचं?”

“ते मी सांगितलं होतं तिला.”

“दावा.”

मी माझा शेरा काढून फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो मोठ्याने वाचला. प्रत्येक ओळीखाली बोट धरून, सावकाश, दारातल्या बायकोला ऐकू जावं म्हणून. माझं लिहिणं इतक्या लक्षपूर्वक आजवर कुणी वाचलेलं नाही. ‘आवाजाला काही महत्त्वाकांक्षा हवी’ इथे तो थांबला.

“मंजे?” वहिनीने विचारलं.

“वहिनी पाठमोरी बसते, तीही वाया,” त्याने पुढे वाचलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. क्लायंटसमोर मला दोनदा झापलेलं आहे, एकदा परदेशी क्लायंटसमोर. त्या दोन्ही वेळा मला आता खेळीमेळीच्या वाटायला लागल्या. त्याने शेवटपर्यंत वाचलं, अभ्यास करावा इथपर्यंत, आणि फोन सतरंजीवर पालथा ठेवला. बहीण मान खाली घालून अंगठ्याने जमीन उकरत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. ती हसू दाबत होती हे तिने मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

“तुमी डाक्टर हाय का?” भावाने विचारलं.

“नाही. सॉफ्टवेअर तपासते.”

“आन् अशा येड्या बाया किती लिवल्या म्हनालात?”

“सात. त्यात दोन बाप्ये.”

“त्यातली बरी कोन कोन झाली?”

मी तोंड उघडलं आणि मनात मोजायला लागले. एक कारखान्याच्या आगीत गेली. दोन विहिरीत. एक ट्रॅक्टरखाली. शाळेच्या बाईला मी देवळात उपाशी मारली होती. हवालदार ताम्हिणी घाटातल्या पावसात चालत गेला आणि आला नाही, कारण त्या आठवड्यात मी स्वतः तिकडे भजी खायला गेले होते आणि धुकं मला आवडलं होतं. सातव्याचं काय केलं ते पटकन आठवेना, पण जिवंत नक्की नव्हता. यांच्यातलं कुणी दुसऱ्या दिवशी सकाळी उठेल, पाणी पिईल आणि आपल्या कामाला बसेल, असं माझ्या डोक्यात सहा वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

“कुणीच नाही,” मी म्हटलं. “सगळे मेले.”

“समदे?”

“हो.”

“एक बी बरी केली न्हाई तुमी?”

“नाही. सुचलंच नाही.”

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. रागाने बघत असता तर बरं झालं असतं. त्याला माझी कीव येत होती.

“मंजे तुमाला ह्यातलं काय बी म्हाईत न्हाई,” तो म्हणाला.

“नाही. काहीच नाही.”

“न्हाईच तिला म्हाईत,” काकू शेजारून म्हणाल्या. “आमच्या गच्चीवर रोज कुनाला तरी ढकलून देती. आन् झुरळ दिसलं की मला हाक मारती.”

भावाने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. “चार वर्सांत हिनं कुनाला बोट लावलं न्हाई,” तो म्हणाला. “आन् हे वाचलं. मला वाटलं, आतून ही अशी हाय आन् आमाला दिसत न्हाई. तीन आठवडं मी हिला पाट दावली न्हाई. सख्खी भन हाय माजी.”

“ते तिचं नव्हतं,” मी म्हटलं. “ते माझं होतं.”

“मग कुलूप तुमाला घालाया पायजे,” तो म्हणाला. वहिनी फिसकन हसली आणि पदर तोंडाला लावून आत वळली. तोही हसेल असं वाटलं, पण नाही हसला. उठला, देव्हाऱ्यातून किल्ली घेतली, आधी मशीनचं कुलूप काढलं आणि मग कपाटातून टॉवेलात गुंडाळलेली कात्री आणून मशीनवर ठेवली. तिच्याकडे बघितलं नाही. बाजूला जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

ती उठून मशीनपाशी गेली. टॉवेल काढून घडी केला. कात्री दोनदा नुसतीच हवेत चालवून पाहिली. खालच्या पिशवीतून गणवेशाचं निळं कापड काढलं, त्यावरच्या खडूच्या खुणा पुसट झाल्या होत्या त्या पट्टीने मोजून पुन्हा आखल्या. मग कापड जमिनीवर पसरलं आणि कापायला घेतलं. वहिनी परत दारात आली होती. भाऊ, वहिनी, काकू आणि मी, चौघंही श्वास रोखून त्या कात्रीकडे बघत होतो.

अर्ध्यावर ती थांबली. मान वर केली नाही.

“असं समदी बघत बसल्यावर काप वाकडा जातोय,” ती म्हणाली. “जावा, च्या करा कुनीतरी.”

आम्ही चौघं उठलो आणि तिला एकटीला तिथे सोडून चहा करायला आत गेलो.